जाड पत्रा ठोकला म्हणजे गाडी बुलेटप्रूफ झाली का?

आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाने विचारलं आहे: "काका, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला पोलिसांच्या गस्तीची हलकी चिलखती गाडी घेतली आहे. माझा अंदाज असा की बोलेरोसारख्या गाडीला आतून १० मिलिमीटरचा पत्रा लावला की काम झालं. मग या गाड्या एवढ्या महाग का पडतात? आणि २६/११ नंतर घेतलेल्या गाड्या मुंबईत नुसत्या उभ्या का दिसतात?"

बाळा, तुझ्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. मी फिटर म्हणून कामाला लागलो आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका शेडमध्ये गाड्यांना चिलखत चढवण्यात गेली. पुस्तकात असतं ते तुला मिळेलच. मी शेडमधलं सांगतो.

आधी तो १० मिलिमीटरचा पत्रा.

बाजारात मिळणारा साधा पत्रा, म्हणजे माइल्ड स्टील, मऊ असतो. ब्रिनेल मापात त्याचा कठीणपणा १२० ते १५० च्या आसपास. चिलखताची प्लेट असते ५०० च्या घरातली. साध्या पत्र्यात रायफलची गोळी लोण्यात सुरी जावी तशी जाते, मागच्या बाजूला फुलासारखी पाकळी उमलते आणि ती पाकळीच आत बसलेल्याला लागते. कठीण प्लेटवर तीच गोळी चपटी होऊन फुटते. सैन्याच्या जुन्या एसएलआर रायफलमधून सुटायची ती ७.६२ बाय ५१ ची (गोळीचा व्यास ७.६२ मिलिमीटर, काडतुसाच्या नळीची लांबी ५१) साधी गोळी अडवायला साडेसहा-सात मिलिमीटरची ५०० कठीणपणाची प्लेट पुरते. म्हणजे तुझ्या दहाच्या साध्या पत्र्यापेक्षा साडेसहाची खरी प्लेट कितीतरी चांगली, आणि वजनाने एक तृतीयांश हलकी.

गोळ्या-गोळ्यांतला फरकही ध्यानात ठेव. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीत साधारण ५०० ज्यूल ऊर्जा असते, एके-४७ च्या गोळीत २००० च्या आसपास आणि एसएलआरच्या गोळीत ३३०० च्या जवळपास. युरोपियन मानकात बी ६ म्हणतात ते या शेवटच्या गोळीसाठी. काचेची चाचणी करताना १० मीटरवरून ८३० मीटर प्रतिसेकंद वेगाने तीन गोळ्या मारतात, १२० मिलिमीटर बाजूच्या त्रिकोणात. एक गोळी झेलणं सोपं असतं. खरी परीक्षा तिसऱ्या गोळीची, कारण तोवर काच तडकून पांढरी झालेली असते. पुढची पायरी बी ७. तिथे गोळीच्या पोटात कठीण पोलादाचा गाभा असतो. तो अडवायचा तर प्लेट एकदम चौदा-पंधरा मिलिमीटरवर जाते. म्हणजे सहावरून सातवर जाताना आकडा एकाने वाढतो आणि वजन दुपटीने. फाइलवर सही करणाऱ्या माणसाला हे समजावताना मी कितीदा तोंडघशी पडलो आहे, मोजलेलं नाही. "एकच लेव्हल वर घ्या ना," हे वाक्य मी झोपेतही ओळखतो.

आता हिशेब मांड. पोलादाचा १ मिलिमीटर जाडीचा, १ चौरस मीटरचा तुकडा ७.८५ किलोचा. साडेसहाची प्लेट म्हणजे चौरस मीटरला ५१ किलो. बोलेरोएवढ्या गाडीत माणसं बसतात तेवढाच डबा झाकायचा म्हटला, म्हणजे दोन बाजू, पुढे-मागे, छत आणि तळ, तरी काचा वगळून १६ चौरस मीटर होतात. ८१६ किलो झाले. काच वेगळीच. बी ६ ची काच ४० मिलिमीटरच्या आसपास जाड, चौरस मीटरला नव्वद-पंचाण्णव किलो. दोनच चौरस मीटर काच ठेवली तरी १९० किलो. त्यावर फटी झाकायच्या पट्ट्या, जाड बिजागऱ्या, आतलं अरामिडचं, म्हणजे बुलेटप्रूफ जॅकेटमधल्या धाग्याचं अस्तर, टायरमधल्या रिंगा, बॅटरी आणि टाकीचं कवच. धर आणखी २००. एकूण १२०० किलो.

१२०० किलो म्हणजे पंच्याहत्तर किलोची सोळा माणसं. तुझ्या गाडीत सोळा माणसं कायमची चढून बसली आहेत, ती कधीच उतरणार नाहीत, आणि त्यांच्यावर तुला हत्यारांसकट सहा पोलिस बसवायचे आहेत. मूळ गाडी सात माणसांसाठी बांधलेली.

इथून पुढे काय काय मोडतं ते ओळीने सांगतो, कारण पैसा तिथेच जातो. पहिल्यांदा कमानपाटे बसतात. साध्या गाडीचे पाटे दिवसातून काही तास भार झेलतात आणि रात्री सुटतात, चिलखती गाडीचे पाटे उभ्या गाडीतही चोवीस तास दबलेलेच. मग ब्रेक. दीड टनाची गाडी तीन टनांची झाली की त्याच वेगावरून थांबताना ब्रेकमध्ये दुप्पट उष्णता तयार होते. पेडर रोडचा उतार उतरताना एकदा आमच्या ट्रायलच्या गाडीतून लायनर जळल्याचा वास आला होता, आणि ड्रायव्हरने शांतपणे सांगितलं, "साहेब, आता पाय टेकला तरी काही होत नाहीये." खाली सिग्नल हिरवा होता म्हणून आज हे लिहितोय. त्या दिवसापासून मी प्लेट कापायच्या आधी ब्रेकचं गणित मागू लागलो. त्यानंतर क्लचप्लेट, व्हील बेअरिंग, स्टिअरिंगचे जॉइंट, मागचा ॲक्सल. छताला प्लेट लावली की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर गाडी झुकते. वर मशीनगनसाठी बुरूज बसवला तर आणखीच. म्हणून कसलेला माणूस बाजू आणि काचांना पूर्ण जाडी देतो, छताला आणि तळाला धोका बघून कमी.

चिलखती गाडीत गोळी प्लेटमधून क्वचितच जाते. ती जाते फटीतून. हे वाक्य तुझ्या वहीत मोठ्या अक्षरात लिही.

दरवाजा आणि चौकटीमधली फट, काचेच्या कडेची खाच, कुलपाचं भोक, वायर आत येते ती जागा, फायर वॉलमधलं, म्हणजे इंजिन आणि माणसांच्या डब्यामधल्या भिंतीतलं, स्टिअरिंगच्या दांड्याचं छिद्र. प्रत्येक फटीच्या मागे आतून एक पट्टी यावी लागते, दोन्ही बाजूंना बोटभर चढलेली, आणि गोळी तिरकी आली तरी तिला सरळ वाट मिळू नये अशी. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एक दरवाजा फार डौलात बनवला होता. प्लेटवर चाचणीत एकही गोळी आरपार नाही. सगळे खूश. मग चाचणी घेणाऱ्या माणसाने बिजागरीच्या रेषेवर नेम धरला. गोळी फटीत शिरली, आतल्या कडेला आपटून फुटली आणि तिचे तुकडे सीटवर ठेवलेल्या पुठ्ठ्यात घुसले. पुठ्ठ्याला चाळीस-पन्नास भोकं. त्या जागी ड्रायव्हरची मांडी असते.

दुसरी चोर वाट म्हणजे वेल्डिंग. चिलखताची प्लेट कठीण असते ती उष्णता देऊन, विझवून. तीच प्लेट वेल्डिंगने पुन्हा तापली की शिवणीच्या दोन्ही अंगाला मऊ पट्टा तयार होतो. साधारण २०० अंशांच्या वर तिला जाऊ द्यायचं नाही, कमी हायड्रोजनची किंवा स्टेनलेसची कांडी वापरायची, थोडं थोडं टाकायचं आणि शिवणीच्या मागे पुन्हा एक पट्टी द्यायची. गॅस कटरने प्लेट कापणारा हेल्पर दिसला की मी चप्पल हातात घ्यायचो. त्यासाठी प्लाझ्मा, लेझर किंवा पाण्याचा झोत. अंधेरी-कुर्ल्याच्या एखाद्या गाळ्यात तुला कोणी म्हणालं की "आपण करून देऊ, महिनाभरात", तर त्याला एवढंच विचार की प्लेट कशाने कापणार.

पत्रा ठोकायचा तुझा विचार काही तू पहिल्यांदा केलेला नाही. अमेरिकेची हम्वी मुळात चिलखताशिवाय वापरायची म्हणून बांधलेली गाडी. इराकमध्ये रस्त्याकडेचे बॉम्ब सुरू झाले तेव्हा सैनिकांनी भंगारातले पत्रे दारांना लावले. डिसेंबर २००४ मध्ये कुवेतमधल्या तळावर एका सैनिकाने संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना भर सभेत विचारलं, की आम्हाला उकिरड्यातलं भंगार उचकून गाड्यांना का लावावं लागतंय? पुढे कारखान्यातून कवचाचे संच आले, पण मूळ गाडी तेवढ्या वजनासाठी बांधलेली नव्हती. गाड्या उलटू लागल्या आणि सपाट तळाखाली स्फोट झाला तर दाराची जाडी काही कामाची नव्हती. ब्रिटिशांचीही तीच गत. त्यांची स्नॅच लँडरोव्हर १९९२ पासून उत्तर आयर्लंडसाठी. तिथे दगड, पेट्रोलबॉम्ब आणि गर्दीतून माणूस उचलून आणायचं काम. त्या कामाला ती ठीक होती. तीच गाडी इराक आणि अफगाणिस्तानला पाठवली आणि सैनिक तिला चालती शवपेटी म्हणू लागले. इराक युद्धावरच्या ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीच्या २०१६ च्या अहवालात तिच्या जागी दुसरी गाडी आणायला लावलेल्या वेळेवर कडक ताशेरे आहेत.

यातून शिकण्यासारखं असं की चिलखती गाडी नेमकी कशासाठी, हे आधी ठरतं. दगडासाठी वेगळी, गोळीसाठी वेगळी, सुरुंगासाठी तर जातच वेगळी.

सुरुंगाचं थोडक्यात सांगतो, मुंबईत तो प्रश्न नाही पण महाराष्ट्रात आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्पिरसारख्या गाड्यांचा तळ होडीसारखा व्ही आकाराचा असतो आणि गाडी जमिनीपासून उंच. स्फोटाचा जोर तळावर समोरून आदळण्याऐवजी दोन्ही अंगांना वळतो. आपल्याकडे जबलपूरच्या वाहन कारखान्यात सुरुंगरोधक गाड्या त्याच घराण्यातल्या बनल्या. नाटोच्या स्टॅनॅग ४५६९ मानकात दुसऱ्या पातळीला ६ किलो, तिसऱ्या पातळीला ८ किलो आणि चौथ्या पातळीला १० किलो स्फोटक चाकाखाली किंवा पोटाखाली धरतात. आता गडचिरोलीच्या रस्त्यावरची मोरी आठव. मोरीच्या पाइपात किती माल मावतो याला मानकाचं बंधन नसतं. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ शीघ्र कृती दलाचे १५ पोलिस आणि एक चालक गेले. ते खासगी वाहनात होते, कवच नव्हतंच. पण तिथली सी-६० ही नक्षलविरोधी पोलिस पथकं शक्य तिथे पायी चालतात ती उगाच नाही. काही ठिकाणी सगळ्यात सुरक्षित गाडी म्हणजे गाडी न वापरणं. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात जे झालं, त्यात बसमधले ४० जवान गेले. स्फोटकांनी भरलेली गाडी शेजारी येऊन फुटली तर हलकं चिलखत हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. तिथे उपाय रस्ता मोकळा करण्याचा असतो.

आता मुंबई.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा हॉस्पिटलजवळ, रंगभवनच्या गल्लीत पोलिसांची क्वालिस गोळीबारात सापडली. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर गेले, सोबतचे तीन पोलिस गेले, सातातले एकटे अरुण जाधव वाचले. ती गाडी कंपनीतून निघते तशीच होती, पत्रा एक मिलिमीटरच्या आतला. एके-४७ मिनिटाला ६०० च्या गतीने मारते, म्हणजे ३० गोळ्यांचं मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं. लोक मला विचारतात, चिलखत असतं तर? मी प्रामाणिकपणे सांगतो की काचा आणि दारं बी ६ ची असती तर पहिली फैर आत आली नसती. पण पहिल्या फैरीनंतर काय, तो खरा प्रश्न. अशा गाडीला शून्यावरून ताशी ६० चा वेग गाठायला १२ सेकंद लागतात असं धर. पहिल्या गिअरचा जोर धरूनही पहिल्या पाच सेकंदांत ती वीस-पंचवीस मीटर सरकते. अरुंद गल्लीत वीस मीटर म्हणजे मारेकऱ्याच्या नजरेच्या टप्प्यातच. म्हणून मी शिकाऊ पोरांना सांगायचो, प्लेट आपल्याला काही सेकंद विकत देते. ते सेकंद वापरायला इंजिन, गिअर आणि स्टिअरिंगवरचा माणूस हवा.

याच रात्रीची दुसरी बाजू कोणी बोलत नाही. अतिरेकी ती क्वालिस घेऊन निघाले आणि टायर बसल्यामुळे त्यांना ती मंत्रालयाच्या बाजूला टाकून स्कोडा पळवावी लागली. पुढे गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळ्यांनी कसाबची रायफल धरून ठेवली ते सगळ्यांना माहीत आहे. चिलखती गाडीत टायरच्या आत कडक रिंग बसवतात, हवा गेली तरी गाडी पन्नासेक किलोमीटर रखडत जाते. त्या क्वालिसला तशी रिंग असती तर? म्हणून अशा गाडीला बाहेरून बंद पाडायची सोयही, म्हणजे इंजिन तोडणारा गुप्त स्विच आणि जागा सांगणारं यंत्र, कवचाइतकीच गरजेची मानतो मी. प्रोजेक्टमध्ये याला अर्धं पान दे. परीक्षकाला सुचणार नाही.

२६/११ नंतर मुंबई पोलिसांच्या ताफ्यात महिंद्राची मार्क्समन आली. ती चिलखती कॅप्सूलच्या धर्तीवरची: आत माणसांचा डबा एकसंध, ड्रायव्हरसकट सहा जणांची जागा, वर मशीनगनची सोय, कवच बी ६ चं. इंजिन २.२ लिटरचं १०५ अश्वशक्तीचं किंवा २.६ लिटरचं. राज्य पोलिसांच्या फोर्स वन या कमांडो दलाची स्थापना २००९ मध्ये झाली, एनएसजी या केंद्रीय कमांडो दलाचं केंद्र त्याच वर्षी मरोळला आलं. सैन्यासाठीची ताजी जात म्हणजे महिंद्राचीच आर्माडो. मार्च २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने १३०० गाड्यांचा १०५६ कोटींचा करार केला. भागाकार कर, एक गाडी ८१ लाखांच्या आसपास पडते. तिचं इंजिन ३.२ लिटरचं, २१६ अश्वशक्तीचं, कवच बी ७ पर्यंतचं. मार्क्समनच्या १०५ शेजारी २१६ ठेवून बघ म्हणजे तुला कळेल की दोन पिढ्यांत वजनाचा धडा कोणी आणि कसा गिरवला. आणि ही गाडी आधी चिलखताची आणि मग गाडी, अशा क्रमाने बांधलेली आहे, बोलेरोला चढवलेला अंगरखा नव्हे. पुण्याच्या भारत फोर्जची कल्याणी एम ४ तर सोळा टनांच्या घरातली. ती लडाखला शोभते. तिला काळबादेवीत घालून दाखव, हातगाडीवाला तुला रिव्हर्स मारायला लावेल.

मुंबईतल्या गस्तीच्या गाडीला रुंदी हाच पहिला निकष. आपल्या गल्ल्यांत अग्निशमनची गाडी अडकते तिथे चिलखती गाडी अडकणारच. अडकलेली चिलखती गाडी म्हणजे आतल्या लोकांना कोंडलेला डबा. म्हणून मी या शहरासाठी दोन मीटरच्या आतली, साडेतीन टनांपर्यंतची, बी ६ ची गाडी पसंत करेन आणि बी ७ चा हट्ट सोडेन. यावर माझे जुने सहकारी माझ्याशी भांडतात. त्यांचं म्हणणं, काश्मीरमध्ये पोलादी गाभ्याच्या गोळ्या सापडल्या आहेत, उद्या इथेही येतील. खरं आहे. पण दुप्पट जड गाडी तुम्ही रोज फिरवणार नाही, आणि रोज न फिरलेली गाडी त्या दिवशी सुरू होणार नाही.

मग तुझा तिसरा प्रश्न, उभ्या गाड्यांचा. या गाड्या मुंबईत उभ्या उभ्या मरतात आणि त्यात कुणा एकाचा दोष नाही.

काचेपासून सुरू करू. ती एक काच नसते. काचेचे तीन-चार थर, मध्ये चिकट पडदा आणि सगळ्यात आत पॉलिकार्बोनेट, जे फुटलेल्या काचेचे तुकडे आत उडू देत नाही. उन्हात पॉलिकार्बोनेट काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावतं. मधला पडदा हा रोजचा ओढाताणीचा खेळ झेलतो. मुंबईच्या मे महिन्यात काच तापते, मग जूनमध्ये कडेने ओल शिरते. तीन-चार वर्षांत कडा दुधाळ होतात, मग बुडबुडे, मग इंद्रधनुष्य. आम्ही एका सरकारी आवारात दुरुस्तीला गेलो होतो. तिथली गाडी गुलमोहराखाली दोन पावसाळे उभी. समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं तर मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्याला दिसतं तसं. तिथला हवालदार म्हणाला, "साहेब, गोळी थांबेल हो, पण समोरचा माणूस दिसायला नको का?" नवी काच मागवली तर तिची किंमत ऐकून फाइलच परत गेली. नवी कोरी असतानाही या जाड काचेतून रात्री समोरच्या दिव्याची दोन-दोन प्रतिबिंबं दिसतात. नवा ड्रायव्हर पहिल्या रात्री हमखास गडबडतो.

मग हवा. काचा उघडत नाहीत. उघडणारी एकच जागा म्हणजे गोळी झाडायची छोटी खिडकी. एसी बंद पडला की भर दुपारी आत भट्टी. अंगावर जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, हातात रायफल घेतलेली सहा माणसं अर्ध्या तासात दारं उघडून बसतात. झालं मग चिलखत! नाकाबंदीच्या पॉइंटवर दार उघडं ठेवून उभी असलेली चिलखती गाडी बघितली की मी त्या पोरांना दोष देत नाही, एसीच्या कॉम्प्रेसरला देतो. प्रोजेक्टमध्ये एसी हा आरामाच्या नव्हे, संरक्षणाच्या रकान्यात लिही.

दाराचं वजन हिशेबात घे. एक दार नव्वद-शंभर किलोचं. चढावर उभ्या गाडीचं दार उघडलं की ते आपल्या वजनाने झुलतं. आमच्या एका हेल्परची दोन बोटं अशीच चिरडली, केम्प्स कॉर्नरच्या चढावर, गाडीवर एक गोळी न झाडता. तेव्हापासून दाराला अडकण आणि गॅसचा दांडा दिल्याशिवाय मी गाडी बाहेर काढू दिली नाही. आणि गाडी उलटली तर वरच्या बाजूला आलेलं शंभर किलोचं दार आतला जखमी माणूस उचलेल का? म्हणून छताला सुटकेची झडप लागते. ती आतून एका हाताने उघडली पाहिजे. मी ती माझ्या बायकोकडून उघडवून बघायचो. तिला जमलं तर पास.

मिठाची हवा हा मुंबईचा खास प्रसाद. चिलखताची प्लेट कितीही कठीण असली तरी गंजते साध्या लोखंडासारखीच. बाहेरची मूळ बॉडी आणि आतली प्लेट यांच्यामध्ये दोन बोटं पोकळी असते, तिथे ओल बसते, बाहेरून काही दिसत नाही. एक दिवस बिजागरीचा बोल्ट हातात येतो. दर पावसाळ्यानंतर आतलं अस्तर काढून बघायला हवं. ते काढायला दोन दिवस लागतात, म्हणून कोणी काढत नाही. गाडी जड आहे म्हणून पाण्यातून जाईल, हाही एक गोड गैरसमज आहे. मिलन सबवेच्या पाण्यात तिला साध्या गाडीइतकीच भीती. इंजिनने श्वास घ्यायची जागा तेवढ्याच उंचीवर असते, उलट जड गाडी ढकलायला दुप्पट माणसं लागतात.

बाकी मग नेहमीचंच. टायर एका जागी दबून चपटे होतात, बॅटरी उतरते, ब्रेकची कॅलिपर चिकटतात. आठवड्यातून एकदा स्टार्टर मारून दहा मिनिटं धूर काढला म्हणजे देखभाल झाली असं मानणारे मी खूप पाहिले. त्याने उलट नुकसान होतं, इंजिन पुरतं तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. गाडी आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर खरीखुरी चालवायला हवी, भार घालून, आणि तीही ज्याच्या हाती ती त्या दिवशी असणार त्याच ड्रायव्हरने. तीन टनांच्या गाडीला वेगात मागे घेणं, अरुंद जागेत वळवणं, ब्रेक कधी दाबायचा नाही हे कळणं, याला सराव लागतो. सराव झालेला ड्रायव्हर बदलीवर जातो आणि नवा माणूस ताबा-पावतीवर सही करून किल्ली खिळ्याला लावतो. कवचाच्या कंत्राटाला कोटी मंजूर होतात. डिझेल आणि प्रशिक्षणाला हजार मागितले की शेरा येतो.

तेव्हा तुझ्या प्रोजेक्टला माझं म्हणणं असं. संपूर्ण गाडी बनवू नकोस. एक दार बनव. कागदावर का होईना, पण नीट: प्लेट, काच, फटीची पट्टी, बिजागरी, अडकण, वजन. मग तेच वजन चारी दारांना, डब्याला लावून पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर किती येतं ते काढ आणि त्यावरून ब्रेक निवड. कवच शेवटी निवड, मी उलटं सांगतोय असं वाटेल, पण ॲक्सल किती उचलतो ते ठरलं की कवचाची पातळी आपोआप ठरते. आतल्या अस्तराचा खर्च वाचवू नकोस. प्लेटने गोळी थांबवली तरी मागून सुटणारे कपचे माणसाला आंधळा करतात.

आणि २६ जानेवारीला शिवाजी पार्कच्या संचलनाला जाशील तेव्हा अशी गाडी जवळून गेली तर रंग आणि मशीनगन बघत बसू नकोस. काचेच्या कडा बघ, दुधाळ आहेत का. मागचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये हात जाईल एवढी जागा आहे का ते बघ. गाडी थांबलेली असेल तर टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाच, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. दार उघडताना जवान एका हाताने उघडतो की दोन्ही हातांनी, तेही बघून ये आणि मला सांग.